लुडविकची एकसष्ट वाक्यं

बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या बोंडांच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्यावर तिसऱ्याच आठवड्यात आल्बिना फेर्लेझची गाठ 'गेट' या इंग्रजी क्रियापदाशी पडली. फाटकाचं गेट नव्हे. मिळण्याचं, होण्याचं, पोचण्याचं गेट. लंडनच्या व्यापाऱ्याचं नऊ ओळींचं पत्र होतं आणि त्यात ते सात वेळा आलं होतं. साहेब म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीआधी भाषांतर करून आण." ऑफिसात एकच जाडजूड कोश होता. त्यात गेटच्या पुढे एकच स्लोव्हेन शब्द दिलेला: दोबिती, म्हणजे मिळणे. आल्बिनाने सातही ठिकाणी 'मिळणे' घातलं. त्यामुळे लंडनच्या माणसाला नमुने मिळाले नव्हते, त्याला काळजी मिळत चालली होती, आणि आमच्या माणसाला हिशेबात चूक मिळाली होती. साहेबांनी ते भाषांतर हातात धरून सगळ्या ऑफिसला मोठ्याने वाचून दाखवलं. लोक पोट धरधरून हसले.

आल्बिना तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती हसलीही नाही आणि रडलीही नाही. तिने ते पत्र घडी करून पिशवीत टाकलं, घरी नेलं, आणि सात ठिकाणचे सात वेगळे अर्थ वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढले. कागद म्हणजे हॉप्सच्या गाठोड्यांना बांधायच्या जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. त्या वर्षी कंपनीचं नाव चुकीचं छापून आल्यामुळे हजारभर चिठ्ठ्या रद्दीत निघाल्या होत्या. त्या तिने मागून घेतल्या. प्रत्येकीला वर भोक होतंच. हॉप्सचे वेल चढवायची तार तिच्या आईकडे पडीक होती. आल्बिना एकेका अर्थाच्या चिठ्ठ्या एकेका तारेत ओवू लागली आणि तारा खोलीच्या भिंतीवर टांगू लागली.

आई झालेत्सजवळच्या गावात राहायची आणि ऑगस्ट लागला की हॉप्स तोडायला जायची. त्या बोंडांचा चीक हातांवर बसून काळा पडतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत साबणाला दाद देत नाही. रविवारी चर्चला जाताना आई हातमोजे घालायची. उन्हाळा असला तरी घालायची. आल्बिनाच्या पहिल्या शंभर चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी आईची होती: "आईच्या हातांचा काळेपणा काही केल्या निघत नाही." इंग्रजीत इथेही गेटच. वर इंग्रजी वाक्य, खाली स्लोव्हेन, आणि कोपऱ्यात अर्थ: काढून टाकता येणे.

तीन वर्षांत भिंत भरली. रेडिओवरचं, पत्रांतलं, बंदरावरून आलेल्या जुन्या मासिकांतलं, जिथे म्हणून गेट दिसेल तिथून ती उचलून आणायची. मग त्सेल्ये शहरात कामगारांसाठी संध्याकाळी पाचचे वर्ग सुरू झाले. ऑस्ट्रेलियाला निघालेले सुतार, हॉटेलातल्या मुली, ट्रक चालवणारे असे लोक यायचे. शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा आल्बिनाला विचारलं. तिच्याकडे पदवी नव्हती, पण तेव्हा कोणाला त्याचं पडलं नव्हतं.

ती फार छान शिकवायची, आणि वर्गातल्या माणसांवरूनच उदाहरणं रचून चिठ्ठ्यांवर लिहायची. म्हणायची, "हे बघा, आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळं अवजार आहे. गवताला विळा, लाकडाला कुऱ्हाड, द्राक्षाला कात्री. शिवाय काम एकदाच केलं की रोज करताय, त्यावरून आपण क्रियापदाचा दांडाही बदलतो. इंग्रजांकडे मात्र एकच कोयता आहे. त्यानेच ते गवत कापतात, त्यानेच दाढी करतात."

मागच्या बाकावरचा हिंको म्हणाला, "बाई, मग त्यांचे गाल कसे शाबूत राहतात?"

"शब्दाच्या शेजारी कोण बसलंय त्याच्याकडे बघतात म्हणून. तू तुझ्या शेजाऱ्याच्या वहीत बघतोस तसं."

हिंको छापखान्यात खिळे जुळवायचा. मेलबर्नला जाणार होता. शेवटपर्यंत गेला नाही, पण त्याचं इंग्रजी पक्कं झालं.

त्याच वर्गांवर दुसरा शिक्षक म्हणून लुडविक रोतोव्निक आला. सत्तावीस वर्षांचा, उंच, वकिलाचा मुलगा, ल्युब्ल्यानाची पदवी घेतलेला. बोलायला लागला की समोरच्याला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागायचं. बेकरीवरच्या आल्बिनाच्या खोलीत तो पहिल्यांदा आला तेव्हा टोपी काढायचीच विसरला. भिंतीवर तारांमागून तारा, एकशे त्रेसष्ट अर्थांच्या एकशे त्रेसष्ट तारा, आणि खिडकी उघडली की चिठ्ठ्या एकमेकींवर टकटक वाजायच्या.

"हे तू एकटीनं केलंस?"

"दुसरं कोण करणार?"

"अख्ख्या युगोस्लाव्हियात हे कोणाकडे नाही. आल्बिना, हे पुस्तक आहे. आपण दोघं ते करू."

आमच्या भाषेत 'आपण दोघं' याला वेगळंच रूप आहे. तिसरं माणूस आलं की ते चालत नाही. लुडविकने ते रूप वापरलं, आणि पुढची दोन वर्षं वापरत राहिला. आपण दोघं हा अर्थ त्याच्यानंतर घेऊ. आपण दोघं प्रस्तावना नंतर लिहू. दर रविवारी तो यायचा, आल्बिना आईने पाठवलेला पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, कापायची, आणि दोघं जमिनीवर बसून चिठ्ठ्या लावायचे. खालच्या बेकरीवाल्या बाई आल्बिनाला लग्नाचा मुहूर्त विचारू लागल्या होत्या. ती नुसती हसायची. लुडविकने तसं स्पष्ट कधी विचारलं नव्हतं. पण व्याकरणाने त्याच्या वतीने पुष्कळ काही सांगून टाकलं होतं आणि व्याकरणावर आल्बिनाचा विश्वास होता.

एका मार्चमध्ये तो मित्राची गाडी घेऊन आला. म्हणाला, "सगळं नीट टाइप करून घ्यायला हवं. विद्यापीठात एक मुलगी आहे, भराभर करते. पंधरा दिवसांत परत आणतो."

"टाइप मीच करते की."

"तू ऑफिसात दिवसभर तेच करतेस. जरा विसावा घे."

दोघांनी मिळून तारा खाली उतरवल्या. चार फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटच्या फेरीत त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. लुडविक वर्गांवर येईनासा झाला. कळलं की ल्युब्ल्यानाला असतो. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं, विद्यापीठातल्या एका वजनदार प्राध्यापकाच्या मुलीशी. त्याच्या पुढच्या वर्षी तो पीएच.डी. करून डॉक्टर झाला. आणि त्यानंतर पुस्तक आलं: इंग्रजी क्रियापदांचं शालेय मार्गदर्शन, लेखक डॉ. लुडविक रोतोव्निक.

प्रकाशनाचा कार्यक्रम त्सेल्येच्या ग्रंथालयातच होता. आल्बिना दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. टेबलावरची प्रत उचलून तिने सातवं प्रकरण काढलं. गेट, एकशे त्रेसष्ट अर्थ, तिनेच लावलेल्या क्रमाने. पहिलंच वाक्य तिच्या वर्गातल्या ट्रकवाल्या योश्कोचं होतं. तिने पुस्तक मिटलं. लुडविकचं भाषण संपल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "एक विचारायचं आहे. सातव्या प्रकरणाच्या चिठ्ठ्या कुणाच्या?"

लुडविक जराही गडबडला नाही. तिच्याकडे मायेने बघत तो लोकांना म्हणाला, "कॉम्रेड फेर्लेझ यांनी आम्हाला टायपिंगमध्ये फार मोठी मदत केली. प्रस्तावनेत त्यांचे आभार आहेतच. टाइप करता करता माणसाला वाटू लागतं की आपणच लिहिलं. नाही का?"

लोक हसले. तेच हसू होतं, ऑफिसातलं. या वेळी त्यात तिचे दोन जुने विद्यार्थीही होते. हिंको तेवढा हसला नाही.

लुडविक तिथेच थांबला असता तर कदाचित आल्बिनाने गिळलं असतं. पण दोन महिन्यांनी वर्गांची तपासणी करायला एक समिती आली आणि समितीवर लुडविक होता. पदवी नसलेल्यांना शिकवू देऊ नये असं ठरलं. पदवी नसलेलं माणूस तिथे एकच होतं. जिन्यात त्याने तिला गाठलं.

"आल्बिना, हे तुझ्याच भल्यासाठी आहे. तू उगीच स्वतःला त्रास करून घेत होतीस."

"माझ्या तारा कुठे आहेत?"

"अगं, त्या गंजल्या होत्या. तळघरात ओल आली. टाकून द्याव्या लागल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

 आल्बिना घरी आली, भिंतीवरचे रिकामे खिळे एकेक करून उपटले आणि भोकं चुन्याने बुजवली. त्या दिवसापासून तिने लुडविकवर डूख धरला. हॉप्सची कंपनी तिने सोडली. तिथेही बातमी पोचली होती. हिंकोने तिला छापखान्यात प्रूफं तपासायच्या कामावर लावून घेतलं.

पंधरा वर्षं ती तिथे बसली. खिडकीजवळचं टेबल, तांबडी पेन्सिल, शिशाचा वास. स्वयंपाकाची पुस्तकं, अहवाल, अग्निशमन दलाची गाणी, काय वाटेल ते वाचलं. लग्न केलं नाही. दोन माणसांनी विचारलं होतं. दोघंही बरे होते. पण त्यांच्यातला एक बोलताना 'आपण दोघं' म्हणाला आणि तिला त्याच्याकडे बघवेना. आई गेली. लुडविकचं नाव वर्तमानपत्रात यायचं तेव्हा आल्बिना ती बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. तो विभागप्रमुख झाला. मग लंडनला जाऊन आला. मग त्याला पदक मिळालं. तिला वाटायचं, या माणसाला निदान एकदा तरी ठेच लागावी, निदान जिन्यात पाय मुरगळावा. काहीच होत नव्हतं. लुडविक नुसता लठ्ठ होत होता.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात त्याच्या मार्गदर्शनाची नवी, वाढवलेली आवृत्ती याच छापखान्यात आली. सगळ्या माध्यमिक शाळांसाठी. संचालकांनी गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "फेर्लेझबाई, इंग्रजी तुमच्याशिवाय कोणाला येतंय? सावकाश बघा, पण चूक नको."

पहिली सहा प्रकरणं तिने पाच दिवसांत तपासली. बारा चुका काढल्या, सगळ्या खऱ्या. सहाव्या दिवशी सकाळी सातवं प्रकरण उघडलं. ते तिने पहिल्या वाक्यापुढे कधी वाचलंच नव्हतं. आता वाचणं भाग होतं. एकेक वाक्य ओळखीचं निघत गेलं: योश्को, हॉटेलातल्या मुली, बेकरीवाल्या बाई. आणि प्रकरणाच्या चौदाव्या पानावर, चव्वेचाळिसाव्या अर्थाखाली: "आईच्या हातांचा काळेपणा काही केल्या निघत नाही."

आल्बिनाने पेन्सिल खाली ठेवली. त्याने आईसुद्धा नेली होती. बदलायचे कष्टही घेतले नव्हते. पंधरा वर्षं शाळाशाळांतली मुलं तिच्या आईचे काळे हात घोकत होती आणि खाली नाव लुडविकचं होतं. जणू लुडविकची आई, वकीलसाहेबांची बायको, उन्हात हॉप्स तोडत होती.

तिने ते वाक्य खोडलं. पण छापखान्यात ओळ नुसती काढून भागत नाही. एक ओळ गेली की सगळं पान वर सरकतं, पुढची पानं बिघडतात. तेवढ्याच लांबीचं दुसरं काहीतरी घालावं लागतं. आल्बिनाने समासात अक्षरं मोजून लिहिलं: "लुडविकच्या हातांवरचा डाग काही केल्या निघत नाही."

वाचून बघितलं. इंग्रजी बिनचूक, स्लोव्हेन बिनचूक, अर्थ नेमका तोच. मग तिने पुढचं वाक्य बघितलं.

चार दिवस ती सातव्या प्रकरणावर बसली. एकही अर्थ तिने बिघडवला नाही. ते तिचे होते आणि मुलांना परीक्षा द्यायच्या होत्या. फक्त तिच्या लोकांना तिने एकेक करून त्या पुस्तकातून बाहेर काढलं आणि प्रत्येकाच्या जागी लुडविकला उभं केलं. मिळवणे: लुडविकने सासऱ्यामुळे खुर्ची मिळवली. करवून घेणे: लुडविक आपली कामं दुसऱ्यांकडून करवून घेतो. पोचणे: लुडविक दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वरपर्यंत पोचला. पटणे: लुडविकचं आरशाशी उत्तम पटतं. सुटका करून घेणे: लुडविकने चिठ्ठ्यांपासून सुटका करून घेतली, पण ज्या बाईच्या होत्या तिच्यापासून नाही. निसटणे: लुडविक आजवर निसटत आला आहे. आणि एकशे साठावा अर्थ, उट्टं काढणे, तिथे तिने बराच वेळ पेन्सिलीचं टोक चावलं आणि मग साधंच लिहिलं: "तिने लुडविकवर उट्टं काढलं." एकूण एकसष्ट वाक्यं झाली. बाकीच्या एकशे दोन जागी तिची माणसं नव्हती, तिथे तिने हात लावला नाही.

दुरुस्त्यांचे कागद हिंकोकडे गेले. तो आता वरिष्ठ जुळारी होता, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि चष्मा काढून तिच्या टेबलाशी आला.

"बाई, या दुरुस्त्या लेखकाच्या आहेत?"

"लेखकाच्याच आहेत."

हिंकोने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "अठ्ठाविसाव्या अर्थाला 'टकला होत चालला' असं आहे. एक अक्षर जास्त होतंय. नुसतं 'टकला झाला' केलं तर?"

"पण तो अजून होतोय रे. पुरता झालेला नाही."

"बरं. मग मी अंतर जरा दाबून बसवतो."

छापण्याआधी शेवटची प्रत लेखकाच्या सहीसाठी ल्युब्ल्यानाला गेली. ते पाच दिवस आल्बिनाला जेवण गेलं नाही. सहाव्या दिवशी गठ्ठा परत आला. बांधलेली दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. वरच्या पानावर मोठी वळणदार सही: छापण्यास हरकत नाही, डॉ. रोतोव्निक. त्या दुपारी कँटीनमध्ये तिने दोन ताटं भरून झगांत्सी, म्हणजे पिठाचा सांजा, खाल्ला, वर आंबट दूध प्यायलं.

सप्टेंबरात पुस्तकं शाळांत गेली. पहिल्या आठवड्यात काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मारिबोरच्या एका वर्गात एक मुलगा उभा राहून उदाहरण वाचू लागला, सगळा वर्ग हसायला लागला, आणि बाईंनी पुढचं उदाहरण वाच म्हटलं तर तेही लुडविकचंच. मग ते पसरलं. आमचा देश केवढासा, महिन्याभरात बसस्टॉपवर पोरं एकमेकांना विचारू लागली, "काय रे, अभ्यास केलास की लुडविकसारखा करवून घेतलास?" शिक्षकांच्या खोल्यांत लोक सातवं प्रकरण मोठ्याने वाचू लागले. ग्रंथालयातल्या त्या कार्यक्रमाला हजर असलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी एक दिवस बाजारात आल्बिनाला पाहून टोपी काढली.  नुसती काढली आणि पुढे गेले.

स्वतः लुडविकला ऑक्टोबरात कळलं. दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात आला, संचालकांना घेऊन सरळ तिच्या टेबलापाशी. धापा टाकत होता. यंत्रं थांबली नाहीत, पण माणसं थांबली.

"फेर्लेझबाई, हे तुम्ही केलंत?"

पूर्वी तो तिला अगंतुगं करायचा. आल्बिनाने मात्र आपलं व्याकरण बदललं नाही.

"बस की, लुडविक. खुर्ची आहे."

"मी विचारतोय, हे तुम्ही केलंत का?"

संचालक मध्ये पडले. "डॉक्टर, सही तुमची आहे. तुम्ही वाचूनच दिली असणार."

"मी प्रूफं वाचत बसत नाही. त्यासाठी माणसं असतात."

"म्हणजे करवून घेता," हिंको यंत्राच्या मागून म्हणाला. जुळाऱ्यांच्या रांगेतून दबलेलं हसू गेलं. आल्बिनाने ते कान भरून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा ते हसू तिच्या बाजूचं होतं.

तिने पुस्तक उघडून त्याच्यापुढे सरकवलं. "एकसष्ट वाक्यं आहेत. त्यातलं एक खोटं दाखव. एक. मी आत्ता राजीनामा लिहिते."

लुडविकने पुस्तकाकडे बघितलं.   खोटं दाखवायचं तर आधी हा लुडविक म्हणजे मी, हे म्हणावं लागत होतं. त्याने पुस्तक मिटलं आणि संचालकांना म्हणाला, "उदाहरणं जरा किरकोळ दर्जाची वाटली. पुढच्या छपाईत बदलून टाका."

"उदाहरणं किरकोळ नव्हती," आल्बिना म्हणाली. "पहिल्या आवृत्तीतली. तुला ठाऊक आहे कोणाची होती. तू माझी आई नेलीस."

तो तिच्याकडे न बघता निघून गेला. नंतर कळलं, वकिलाकडेही जाऊन आला. वकिलाने म्हणे विचारलं, कोर्टात कोणत्या वाक्यावर हात ठेवून शपथ घ्याल? खटला झाला नाही. पण शाळेतली पुस्तकं एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात, आठ-आठ, दहा-दहा वर्षं. पुढच्या छपाईत काहीही होवो, ती तीस हजार पुस्तकं आता कोणालाच गोळा करता येत नव्हती.

आल्बिनालाही चटका बसलाच. तिला पुस्तकांवरून काढून औषधांच्या कागदांवर आणि रेल्वेच्या वेळापत्रकांवर घातलं. चार वर्षं ती झिदानी मोस्त स्टेशनला गाडी किती वाजता लागते ते तपासत राहिली. त्याचं तिला काही वाटलं नाही. तिची झोप सुधारली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी बेकरीवरच्या खोलीचं दार वाजलं. बाहेर सोळा वर्षांची मुलगी उभी होती, अंगात निळा कोट, हातात पुस्तक. कपाळ थेट लुडविकचं.

"तुम्ही फेर्लेझबाई का? मी ब्रेदा. ब्रेदा रोतोव्निक."

आल्बिनाने तिला आत घेतलं. लिंडनच्या फुलांचा चहा केला. मुलीने कपाला हात लावला नाही.

"वर्गात मला रोज वाचायला लावतात. मुद्दाम. मी घरी विचारलं तर बाबांनी माझ्या तोंडात मारली. कधी मारत नाहीत ते." तिने पुस्तक आल्बिनापुढे ठेवलं. "हा लुडविक म्हणजे माझे बाबा आहेत का?"

 गेली पंधरा वर्षं आल्बिनाने लुडविकचं काय काय व्हावं याची मनात उजळणी केली होती. त्यात कुठेही मुलगी नव्हती. नाही म्हणता आलं असतं. एखादा काल्पनिक माणूस आहे, बाळ, उदाहरणापुरता. पोरगी विश्वास ठेवायला आसुसलेली होती, ते दिसत होतं.

"हो," आल्बिना म्हणाली.

"सगळंच खरं आहे?"

"सगळं."

"चिठ्ठ्यांचं पण?"

आल्बिनाने चुन्याने बुजवलेली भिंत दाखवली. उजेड तिरका पडला की भोकांच्या जागा अजून कळत. मुलगी उठून भिंतीपाशी गेली. तिने एका जागेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मोजत होती की काय कोण जाणे. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना मारायचं होतं, पण मार मला बसतोय."

"बसतोय खरा."

"तुम्हाला वाईट वाटतं का?"

"थोडं," आल्बिना म्हणाली. "वाटायला हवं त्याच्यापेक्षा कमी."

ब्रेदाने मान हलवली. चहा तसाच टाकून गेली. पुढे ती घरापासून लांब, मारिबोरला शिकली, तिथेच नोकरीला लागली, आणि घरी फक्त नाताळाला यायची असं बेकरीवाल्या बाई सांगायच्या. ते ऐकताना आल्बिनाच्या मनात दोन गोष्टी एकदम व्हायच्या. पोरीचं वाईट वाटायचं ते तिला आवडायचं नाही, आणि लुडविकची मुलगी त्याला दुरावली हे फार आवडायचं. दुसरीचं पारडं नेहमी जड असायचं. ते तिने कधी कोणापासून लपवलं नाही.

लुडविक शहाण्णव साली गेला, साठीत, हृदय बंद पडून. तोवर देश बदलला होता, पैसा बदलला होता, कॉम्रेड म्हणायचं सगळ्यांनी सोडलं होतं. आल्बिनाने काळा कोट घातला आणि अंत्यसंस्काराला गेली. तीन भाषणं झाली. इंग्रजी भाषेच्या अध्यापनातलं त्यांचं कार्य, असं एकजण म्हणाला तेव्हा मागच्या बाजूला तिशीतले दोघं-तिघं खोकू लागले आणि त्यांच्या बायकांनी त्यांना कोपराने ढोसलं. शवपेटी खाली जाईपर्यंत ती थांबली. माती टाकायच्या रांगेत मात्र उभी राहिली नाही.

नंतरचं जेवण स्मशानाजवळच्या खानावळीत होतं. दारात खानावळवाला पाहुण्यांना बसवत होता. नातेवाईक डावीकडे, विद्यापीठाचे उजवीकडे.

"बाई, तुम्ही कुठल्या?"

"मी सहलेखिका."

त्याने तिला विद्यापीठाच्या टेबलावर, अगदी मधोमध बसवलं. आजूबाजूची तिघं-चौघं तिला ओळखून ताटात बघू लागली. शेवयांचं सूप आलं, मग बीफ आणि किसलेलं हॉर्सरॅडिश, ते नाकात झोंबणारं तिखट मूळ. थोड्या वेळाने ब्रेदा टेबलांवरून फिरत आली. आता एकोणतीस वर्षांची, केस आखूड कापलेले. ती आल्बिनासमोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

"तुम्ही कशाला आलात?"

"खात्री करून घ्यायला."

"झाली?"

"झाली."

ब्रेदा टेबलक्लॉथची कड चोळत राहिली. "शेवटच्या महिन्यात त्यांनी तुमचं नाव काढलं होतं. म्हणाले, त्या बाईला मी काहीतरी द्यायला हवं होतं. काय, ते सांगितलं नाही."

आल्बिनाने चमचा खाली ठेवला. "मला सांगून काय उपयोग? तेव्हा सांगायचं होतं."

"मी त्यांच्या वतीने माफी मागायला आले नाही."

"मागूही नकोस. मी देणार नाही."

 मग ब्रेदाने वाढणाऱ्याला हाक मारली आणि आल्बिनाच्या ताटाकडे बोट दाखवलं. आल्बिनाने बीफचे आणखी दोन तुकडे घेतले, हॉर्सरॅडिश भरपूर, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत नीट चावून खाल्ले.